घरून काम : वाचलेला वेळ नेमका कोणाच्या वाट्याला येतो?

घरून काम करणे कर्मचाऱ्याच्या स्वास्थ्याला मानवते की नाही, यावर ऑफिसात, घरात आणि वर्तमानपत्रांत गेली काही वर्षे सतत बोलले जाते, पण बोलणारे बहुधा आपापल्या परिस्थितीवरून बोलत असतात. डोंबिवलीहून अंधेरीला रोज लोकलने लोंबकळत जाणाऱ्याला ते वरदान वाटते. वाकडच्या एखाद्या वन बीएचकेमध्ये नवरा-बायको दोघेही एकाच वेळी कॉलवर असतात आणि मुलाची शाळा दुपारी साडेबाराला सुटते, त्या घरात त्याबद्दल वेगळेच ऐकू येते. पहिलीच नोकरी धरलेली आणि सहा महिने झाले तरी टीममधल्या कोणाला प्रत्यक्ष न भेटलेली मुलगी आणखी तिसरे काही सांगते. या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, आणि संशोधनातही असेच एकमेकांना छेद देणारे निष्कर्ष सापडतात.

मला या सगळ्यात एक धागा दिसतो. घर आणि ऑफिस या दोन जागांची नुसती तुलना केली तर फारसे काही हाती लागत नाही. मात्र घरून काम केल्यामुळे जो वेळ वाचला तो अखेर कोणाच्या वाट्याला आला आणि दिवसाची आखणी करण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे दोन प्रश्न प्रत्येक अभ्यासाला विचारत गेले की विरोधी वाटणारे बरेचसे निष्कर्ष एकमेकांशी जुळू लागतात.

आधी स्वास्थ्य म्हणजे काय मोजतात ते पाहू. कामातले समाधान, थकवा, झोप आणि शरीराच्या तक्रारी, घर आणि नोकरी यांच्यातली ओढाताण, एकटेपणा, अशा निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी या एका नावाखाली येतात आणि त्या सगळ्या एकाच दिशेने बदलत नाहीत. गॅलप या संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोक कामात मनापासून गुंतलेले आढळले आणि काही दिवस घरी, काही दिवस ऑफिसात अशा हायब्रीड पद्धतीने काम करणाऱ्यांत हेच प्रमाण २३ टक्के होते. पण आपले एकूण आयुष्य चांगले चालले आहे, असे सांगणारे पहिल्या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४२ टक्के निघाले. म्हणजे कामात रमलेला माणूस आयुष्यातही सुखी असेलच असे नाही, आणि म्हणूनच कोणी ‘घरून काम केल्याने स्वास्थ्य सुधारते’ असे सरसकट म्हटले, तर स्वास्थ्याचा कोणता भाग, हे लगेच विचारावे.

दुसरी काळजी अभ्यास कोणत्या काळातला आहे याची घ्यायला हवी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्याकडे लाखो लोक एका रात्रीत घरून काम करू लागले, परंतु त्या वेळी शाळा बंद होत्या, घरकामाला येणाऱ्या बायका येऊ शकत नव्हत्या, आणि आजाराची व मृत्यूची भीती प्रत्येक घरात होती. तोवर आपल्याकडच्या बीपीओ, म्हणजे इतर कंपन्यांची कॉल सेंटरसारखी कामे करून देणाऱ्या, कंपन्यांना कर्मचाऱ्याला घरून काम करू देण्यासाठी दूरसंचार खात्याच्या अनेक अटी पाळाव्या लागत. त्या अटी मोठ्या प्रमाणावर शिथिल झाल्या त्या नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे ज्या पद्धतीची कोणालाच सवय नव्हती ती सर्वांत वाईट काळात सर्वांवर एकदम लादली गेली. त्या वर्षातला ताण घरून कामाच्या खात्यावर मांडणे किंवा त्या वर्षातली कुटुंबाची जवळीक त्याच्या नावावर जमा करणे, दोन्ही चुकीचे आहे.

आता प्रवासाकडे वळू, कारण घरून कामाचा सर्वांत निर्विवाद फायदा तिथे आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा प्रसंगवार आढावा घ्यायला लावून प्रत्येक प्रसंगी मनाची अवस्था कशी होती ते विचारले. सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास हा त्यांच्या दिवसातला सर्वांत कमी सुखाचा भाग ठरला. टेक्साससारख्या मोकळ्या रस्त्यांच्या मुलखात ही अवस्था असेल, तर आपल्याकडची कल्पना करायला अभ्यासाची गरज नाही. तरीही एक आकडा देतो. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ सालच्या यादीत पुणे जगातल्या सर्वांत संथ वाहतुकीच्या शहरांत चौथे होते, आणि तिथे दहा किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्याला ही सरासरीसुद्धा कमी वाटेल.

हा प्रवास टळला की किती वेळ वाचतो, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २७ देशांतील नोकरदारांना विचारून काढले. २०२१ आणि २०२२ मधल्या या पाहणीत घरून केलेल्या प्रत्येक दिवसामागे सरासरी ७२ मिनिटे वाचत असल्याचे दिसले. भारतात हा आकडा ९९ मिनिटे होता, म्हणजे चीन आणि जपान यांच्या बरोबरीने सर्वांत वरच्या देशांत. इथवर सगळे आनंदाचेच आहे. पण वाचलेल्या वेळाचे पुढे काय झाले, हेही त्यांनी विचारले होते. सर्व देशांची सरासरी पाहता त्यातला सुमारे ४० टक्के वेळ परत नोकरीच्या किंवा जोडधंद्याच्या कामातच गेला, ३४ टक्के विश्रांती आणि करमणुकीला मिळाला, आणि ११ टक्के मुलांची किंवा घरातल्या इतरांची काळजी घेण्यात गेला. रोज वाचणाऱ्या ७२ मिनिटांपैकी जवळपास अर्धा तास कामानेच परत घेतला, असा याचा अर्थ. कोणी तो राजीखुशीने दिला असेल, कोणी नाइलाजाने. स्वास्थ्यावर परिणाम ठरतो तो बहुतांशी या फरकाने.

हा फरक समजून घेण्यासाठी शांघायमधला एक प्रयोग तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण घरून कामाबद्दलची सर्वांत नेमकी माहिती त्यातून मिळाली. सीट्रिप ही चीनमधली मोठी प्रवास-आरक्षण कंपनी. २०१० च्या सुमारास तिच्यापुढे दोन अडचणी होत्या. शांघायमधली ऑफिसची भाडी वाढत चालली होती आणि कॉल सेंटरमधले लोक वर्षभरात निम्म्याने नोकरी सोडून जात होते. कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी मिळून असे ठरवले की, घरून काम करण्याची इच्छा असलेल्यांपैकी पात्र लोकांची जन्मतारखेवरून विभागणी करायची. घरी स्वतंत्र खोली आणि इंटरनेट असणे ही पात्रतेची अट होती. अशा २४९ जणांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचे आणि विषम तारखेच्या लोकांनी ऑफिसातच थांबायचे. शिफ्ट, काम आणि पगाराची पद्धत दोन्ही गटांना सारखीच होती. अशी विभागणी महत्त्वाची असते, कारण घरून काम निवडणारे लोक मुळातच वेगळ्या स्वभावाचे असतील ही शंका तिच्यामुळे दूर होते.

नऊ महिन्यांनंतर घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली होती. त्यातली ९ टक्के वाढ शिफ्टमधली अधिक मिनिटे कामात गेल्यामुळे होती, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. उरलेली ४ टक्के वाढ मिनिटागणिक अधिक कॉल घेतल्याची होती, आणि त्याचे श्रेय कर्मचाऱ्यांनी घरातल्या शांततेला दिले. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. थकवा कमी झाल्याचे आणि समाधान वाढल्याचेही लोकांनी सांगितले. बातम्यांत सहसा एवढेच येते.

त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिले म्हणजे, तितकीच चांगली कामगिरी करणाऱ्यांची तुलना केली असता घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. डोळ्यांसमोर नसलेला माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही, ही शंका आपल्याकडेही प्रत्येक अप्रेजलच्या सुमारास ऐकू येते. दुसरे म्हणजे, प्रयोग संपल्यावर कंपनीने सर्वांना पुन्हा निवड करू दिली तेव्हा स्वतःहून घरी गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक ऑफिसात परतले. कारण विचारले तर एकटेपणा पुढे आला. आणि अशी मोकळी निवड मिळाल्यावर घरून कामाचा फायदा १३ टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर गेला. ज्यांना घर मानवते ते घरी राहिले, ज्यांना मानवत नव्हते ते परत आले, आणि अनुभव घेऊन स्वतः निवड करता येण्याचा लाभ उत्पादनाच्या आकड्यातसुद्धा दिसून आला.

यावरून घर नेहमीच चांगले ठरते असे कोणी म्हणेल, तर त्याने चेन्नईकडे पाहावे. डेव्हिड ॲटकिन, आंत्वानेत शोअर आणि सुमित शिंदे या अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामासाठी नव्याने घेतलेल्या लोकांवर असाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये मांडले. तिथे घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता ऑफिसातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाली. यातला दोन तृतीयांश फरक पहिल्या दिवसापासूनच होता आणि उरलेला ऑफिसातले लोक लवकर शिकत गेल्यामुळे पडला. आणखी एक गोष्ट यात दिसली, जिच्याकडे आपण सर्वांनीच थांबून पाहायला हवे. ज्यांनी आधीच घरून काम पसंत असल्याचे सांगितले होते, त्यांची उत्पादकता घरी २७ टक्क्यांनी घटली, तर ऑफिस पसंत असलेल्यांची १३ टक्क्यांनी. घर हवे असणाऱ्यांनाच घर जास्त जड जात होते. याचा उलगडा काही अंशी त्यांच्या परिस्थितीत सापडला. घर मागणाऱ्यांत लहान मुले असलेले, घरातल्या कोणाची शुश्रूषा करणारे आणि गरीब कुटुंबातले लोक होते, ज्यांना रोज बाहेर पडणे अवघड होते. त्यांची पसंती खरी होती, पण तिच्यामागे मोकळा पर्याय नव्हता.

शांघाय आणि चेन्नई यांची उत्तरे वेगळी आली याचे मला आश्चर्य वाटत नाही. शांघायमध्ये स्वतंत्र खोली असलेल्या, कामात मुरलेल्या लोकांनाच प्रयोगात घेतले होते आणि चेन्नईत काम नव्याने शिकणारे लोक होते. घर म्हणून आपण जे काही एका शब्दात बोलतो, त्यात दार लावता येणारी खोली आहे की स्वयंपाकघराशेजारचा कोपरा आहे, वीज जाते का, शेजारी बांधकाम सुरू आहे का, या सगळ्यावर दिवसाचा ताण अवलंबून असतो.

दिवसाच्या आखणीचा अधिकार हा माझा दुसरा प्रश्न. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक कल्पना आजही कामाच्या ताणाच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते. नुसत्या जास्त कामाने माणूस खचतो असे नाही. काम जास्त आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की तो खचतो. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांना कामावर ताबा कमी असणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले होते. घरून काम केल्याने हा ताबा वाढावा अशी अपेक्षा असते. बाबांना दवाखान्यात नेऊन येणे, दुपारी वीस मिनिटे आडवे होणे, अवघड काम पहाटे शांततेत उरकणे, हे जमू लागले तर तो खरोखरच वाढतो. रवी गजेंद्रन आणि डेव्हिड हॅरिसन यांनी २००७ मध्ये ४६ अभ्यास एकत्र करून, म्हणजे एकूण १२,८८३ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून, जो निष्कर्ष काढला त्यातही घरून कामाचे लाभ मुख्यतः या स्वायत्ततेच्या वाटेने येत असल्याचे दिसले.

पण घरून काम देऊन ताबा मात्र न देणे सहज शक्य आहे. टीम्स या ऑफिसच्या संवादाच्या ॲपवर नावापुढे दिसणारा, माणूस ऑनलाइन असल्याचे सांगणारा हिरवा ठिपका घ्या. काही मिनिटे माउस हलला नाही की तो पिवळा होतो. मॅनेजर त्या ठिपक्यावरून हजेरी मोजू लागला की कर्मचारी काम सोडून ठिपका सांभाळू लागतो. पाणी प्यायला उठताना मोबाइल बरोबर घेतो, जेवताना लॅपटॉप उघडा ठेवतो, विचार करत खिडकीशी उभे राहणेसुद्धा त्याला चोरी वाटते. ऑफिसात असताना त्याच माणसाने चहाच्या टपरीवर पाव तास घालवला असता तर कोणी काही म्हटले नसते. म्हणजे तो घरी आहे, प्रवास वाचला आहे, आणि तरीही दिवसावरचा त्याचा ताबा ऑफिसपेक्षा कमी झाला आहे.

आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संगणकीय नोंदी मायकल गिब्ज आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा महासाथीच्या काळात कामाचे तास बरेच वाढले पण काम वाढले नाही, असे दिसले. मीटिंगा आणि समन्वयाची कामे वाढली होती, तर सलग, अडथळ्याविना काम करण्याचा वेळ आक्रसला होता. घरी मुले असलेल्यांचे तास आणखीच वाढले होते. १६ शहरांतल्या ३१ लाख लोकांच्या ईमेल आणि मीटिंगांच्या नोंदींवरून केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कामाचा दिवस सरासरी ४८ मिनिटांनी लांबलेला आढळला. मीटिंगांची लांबी कमी झाली होती, संख्या वाढली होती. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या टीमला यात आणखी भर घालावी लागेल, कारण तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. साडेसहाचा कॉल साडेनऊला संपतो. पूर्वी तो ऑफिसात संपवून माणूस निदान कॅबमध्ये बसत असे. आता आतल्या खोलीत कॉल चालू असतो, बाहेर पाने वाढलेली असतात आणि घरातले सगळे हळू आवाजात बोलत असतात.

कामाच्या वेळेनंतर मन कामातून पूर्णपणे बाहेर पडणे विश्रांतीसाठी किती गरजेचे आहे, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने झोनेनटाग यांनी अनेक वर्षे काम केले आहे. ज्यांना हे साधत नाही त्यांचा थकवा साचत जातो आणि झोप बिघडते. ऑफिसातून घरी येतानाचा प्रवास कितीही त्रासाचा असला तरी तो दिवस संपल्याची खूण करून देत असे. ती खूण गेल्यावर तिच्या जागी दुसरी काहीतरी मुद्दाम आणावी लागते. संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवणे, कपडे बदलून चालायला जाणे, कामाचे ॲप मोबाइलवरून काढून टाकणे असे उपाय म्हणूनच क्षुल्लक समजू नयेत. मात्र वरिष्ठ रात्री दहाला मेसेज टाकून लगेच उत्तराची अपेक्षा ठेवत असेल, तर हे उपाय एकट्या कर्मचाऱ्याच्या हातचे राहत नाहीत.

वाचलेला वेळ कोणाला मिळतो, हा प्रश्न घराच्या आतही विचारायला हवा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. अशा घरात बाई ऑफिसला न जाता टेबलापाशी बसलेली दिसली की ‘घरीच तर आहेस ना’ या वाक्याने तिचा वाचलेला वेळ बघता बघता वाटून घेतला जातो. गॅसवाल्यासाठी दार उघडणे, कुकरच्या शिट्ट्या मोजणे, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा अभ्यास, आलेल्यांचा चहा. प्रत्येक काम पाच मिनिटांचे, पण त्यामुळे सलग तास तिच्या वाट्याला येतच नाही, आणि राहिलेले ऑफिसचे काम रात्री सगळे झोपल्यावर होते. नवऱ्याने घरून काम केले तर त्याच घरात ‘बाबा कॉलवर आहे, आवाज करू नका’ असे मुलांना सांगितले जाते. माझ्या मते भारतातल्या घरून कामाच्या चर्चेतला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि सर्वांत कमी बोलला जाणाराही.

तरीसुद्धा अनेक स्त्रियांसाठी घरून काम हाच नोकरी टिकवण्याचा एकमेव मार्ग असतो, हेही तितकेच खरे आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि कामाचे स्वरूप परवानगी देत असेल, तर रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूदही त्यात घातली. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. या दोन तरतुदी एकत्र वाचायला हव्यात. पाळणाघर असूनही जी घरून काम मागते तिची ती निवड असते. पाळणाघर नाही म्हणून जिला घरी राहावे लागते तिच्यापुढे निवड नसतेच, आणि चेन्नईच्या प्रयोगात दिसलेली अवस्था तिच्याच वाट्याला येते.

एकटेपणाचा विषय शांघायच्या निमित्ताने आलाच आहे. गॅलपच्या २०२४ च्या जागतिक अहवालात पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांपैकी २५ टक्के लोकांनी आदल्या दिवशी बराच काळ एकाकी वाटल्याचे सांगितले होते. कामाच्या ठिकाणी जाणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्याला ही तक्रार परकी वाटेल, पण नोकरीसाठी नगरहून किंवा लातूरहून पुण्यात आलेला आणि फ्लॅटमध्ये एकटा राहणारा तरुण तिचा अर्थ चटकन समजेल. मायक्रोसॉफ्टने आपल्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यातही सर्व जण घरी गेल्यावर लोकांचा संपर्क आपापल्या टीमपुरता आक्रसला आणि इतर विभागांतल्या ओळखी पातळ झाल्या, असे आढळले.

याची सर्वांत जास्त किंमत नवशिके मोजतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांचा अभ्यास याबाबतीत बोलका आहे. काही टीम एकाच इमारतीत बसत होत्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या होत्या. एकत्र बसणाऱ्या टीममध्ये लिहिलेल्या कोडवर सहकाऱ्यांकडून अधिक सूचना मिळत, आणि याचा लाभ विशेषतः तरुण इंजिनीअरांना होई. महासाथीत सगळेच घरी गेले तेव्हा हा फरक बराचसा मिटला. मात्र त्याच अभ्यासात अनुभवी इंजिनीअरांचे स्वतःचे काम एकत्र बसल्याने कमी होत असल्याचेही दिसले, कारण शिकवायला वेळ लागतो. म्हणजे फ्रेशरला ऑफिसात जे मिळते ते सीनियरच्या वेळातून येते. ‘मला घरीच जास्त काम होते’ असे म्हणणारा अनुभवी माणूस आणि ‘मला घरी काही शिकताच येत नाही’ असे म्हणणारी त्याची नवी सहकारी, दोघेही बरोबर आहेत.

शरीराच्या तक्रारींबद्दल थोडक्यात सांगता येईल. पलंगावर पाय पसरून मांडीवर लॅपटॉप घेतला की मान आणि पाठ धरते. त्याला योग्य उंचीचे टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि वेगळा कीबोर्ड हाच उपाय आहे. दिवसभराच्या व्हिडिओ कॉलचा थकवा वेगळा असतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये त्यामागची कारणे सांगताना सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा दिसणे, एका जागी जखडून बसावे लागणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी मनावर पडणारा जादा भार यांचा उल्लेख केला होता. स्वतःचा चेहरा दिसण्याची सोय बंद करणे आणि जे बोलणे फोनवर भागेल ते फोनवर करणे, एवढ्यानेही बराच आराम पडतो. लांबलेल्या तासांचा धोका याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

मग करावे काय? आजवरच्या पुराव्यांवरून माझा कल हायब्रीड पद्धतीकडे आहे, आणि त्याला आधार पुन्हा त्याच चिनी कंपनीतल्या दुसऱ्या प्रयोगाचा आहे. २०२१-२२ मध्ये १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांची जन्मतारखेवरून विभागणी करून एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम करू दिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, समाधान वाढले, आणि पुढची दोन वर्षे पाहिली तरी कामगिरीच्या श्रेणीत किंवा बढत्यांत कोणताही फरक पडला नाही. म्हणजे पहिल्या प्रयोगातले बढतीचे नुकसान इथे दिसले नाही. लाभ सर्वाधिक झाला तो स्त्रियांना, लांबून येणाऱ्यांना आणि मॅनेजर नसलेल्यांना. मॅनेजर मंडळींनी प्रयोगाआधी उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. प्रयोगानंतर तेच लोक ती १ टक्क्याने वाढल्याचे सांगू लागले. टीमचे ऑफिसचे दिवस एकच असणे मात्र आवश्यक आहे. प्रत्येक जण वेगवेगळ्या दिवशी गेला तर हिंजवडीपर्यंत दीड तास घालवून तिथल्या टेबलावरून पुन्हा व्हिडिओ कॉलच करावा लागतो, आणि मग प्रवासही होतो आणि भेटही होत नाही.

वेळेच्या हद्दीचा प्रश्न हायब्रीडनेही सुटत नाही. त्याला नियम लागतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. पोर्तुगालने २०२१ मध्ये कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत त्याच्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकांवर घातले, आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडले होते, पण खासगी विधेयकाचा कायदा होणे आपल्याकडे फार दुर्मीळ असते, आणि याचाही झाला नाही.

कायदा येईपर्यंत जे काही ठरायचे ते टीममध्ये आणि नेमणुकीच्या अटींत ठरणार आहे. म्हणून नवी नोकरी घेताना ‘आठवड्यात किती दिवस घरून’ एवढेच विचारून थांबू नये. ऑफिसचे दिवस कोण ठरवते, ते किती आधी सांगितले जातात, संध्याकाळचे कॉल असतील तर त्या बदल्यात सकाळ मोकळी मिळते का, कामाचे मोजमाप पूर्ण झालेल्या कामावरून होते की ऑनलाइन दिसण्यावरून, खुर्ची आणि इंटरनेटचा खर्च कोण करते, हे विचारावे आणि उत्तरे ईमेलवर घ्यावीत. २०२३ च्या उत्तरार्धात मोठ्या आयटी कंपन्यांनी लोकांना ऑफिसात परत बोलावले, तेव्हा पुण्यातले भाड्याचे घर सोडून गावी आई-वडिलांजवळ राहायला गेलेल्या, तिथे मुलांना शाळेत घातलेल्या अनेकांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. घरून काम कायम राहील, असे त्यांच्यापैकी बहुतेकांना तोंडी सांगितलेले होते.